उष्णतेची खतावणी

ज्या काळ्या पाषाणात वेरूळची इंद्रसभा आणि शेजारची जैन लेणी कोरली गेली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. मनुष्य नव्हता तेव्हाही निसर्गात प्रचंड उलथापालथी होत होत्या, याची साक्ष छत्रपती संभाजीनगरच्या दाराशीच आहे. मग आजच्या तापमानवाढीचा दोष मनुष्याकडे का, ही शंका रास्तच म्हणावी लागेल. तिचे उत्तर शास्त्रज्ञांनी व्यापारी घराण्यांना परिचित अशा रीतीने शोधले: रोजमेळातील नोंदी खतावणीत खातेनिहाय मांडून.

ज्वालामुखीचे खाते प्रथम. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोचा उद्रेक झाला. त्यातील गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरले. दोन-तीन वर्षांत ते खाते मिटलेही. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा हिशेब त्याहून किरकोळ, सुमारे ०.१ अंशाचा.

मराठवाड्याला खरी धास्ती एल निनोची. २०१५ मध्ये पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एल निनोत प्रशांत महासागर साठवलेली उष्णता हवेत सोडतो, ला निनात ती पुन्हा पोटात घेतो. त्यामुळे एकाच वर्षाच्या आकड्यावर वाद घालणे म्हणजे दिवाळीच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा ठरवणे होय. १९९८ हे प्रबळ एल निनोमुळे उच्चांकाचे वर्ष ठरले होते. २०२२ तर ला निनाचे, म्हणजे थंडाव्याचे वर्ष. तरीही ते १९९८ पेक्षा अधिक उष्ण निघाले.

ही वाढीव शिल्लक कोणाच्या नावे? सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होत आहे. कर्बवायूचीच ही खूण. अशा खुणा पारखण्याची पद्धत विकसित करणारे क्लाउस हासेलमान २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. त्याच वर्षीच्या आंतरशासकीय हवामान समितीच्या अहवालानुसार, १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ पर्यंत मनुष्यामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, सूर्य व ज्वालामुखी यांचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश.

एल निनोचे वर्ष सरते, थकलेली उधारी पुढच्या हंगामात वसूल होते. या दुसऱ्या खात्याला मात्र तशी मुदत नाही. पुढचा प्रबळ एल निनो येईल, तो १९९८ च्या पायरीवरून नव्हे, त्याहून वरच्या पायरीवरून चढू लागेल.