मोताळ्याहून बुऱ्हाणपूर: लहान मुलाला घेऊन, कमी खर्चात ऐतिहासिक शहर कसं पाहावं?

“मूल जरा मोठं होऊ दे, मग फिरायला जाऊ,” असं बहुतेक घरांत म्हटलं जातं. मुलाची आबाळ होईल ही भीती त्यामागे असते, आणि ती खोटी नाही. पण खर्चाचा हिशोब मांडला तर चित्र उलटं दिसतं. पाच वर्षांखालचं मूल रेल्वेत आणि एसटीत फुकट जातं, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्याला तिकीट लागत नाही आणि हॉटेलात ते आईवडिलांच्याच पलंगावर झोपतं. म्हणजे प्रवासासाठी सगळ्यात स्वस्त वर्षं हीच असतात.

युरोपातल्या जुन्या शहरांतही असंच आहे. पॅरिसचं लूव्र संग्रहालय किंवा रोमचं कोलोसियम, दोन्हीकडे १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. पण मोताळा तालुक्यातल्या कुटुंबाला एवढ्या लांब जायची गरज नाही. मोगलांच्या दख्खन मोहिमांचं मुख्य ठाणं असलेलं बुऱ्हाणपूर मलकापूरच्या पलीकडे, राज्याची सीमा ओलांडली की येतं. एक ते चार वर्षांचं मूल सोबत असेल तर तिथली सहल कशी आखावी, ते पाहू.

बुऱ्हाणपूरच का?

तापीकाठचं हे शहर १४०० च्या सुमारास फारुकी सुलतान नासिर खानाने वसवलं. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे, त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून त्याला नाव मिळालं. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड जिंकला आणि खानदेश मोगलांकडे गेला.

मराठी वाचकाला हे शहर परकं वाटायचं कारण नाही. पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारले. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरची श्रीमंत पेठ लुटली, ती हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली. आजही बाजारात मराठी सहज चालते.

जायचं कसं?

मोताळ्याला रेल्वे नाही. मलकापूर–बुलढाणा रस्त्यावरून एसटीने मलकापूर गाठायचं. तिथून दोन वाटा आहेत.

- रेल्वेने: मलकापूर ते भुसावळ, आणि भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने बुऱ्हाणपूर. गाडी बदलावी लागते, पण मुलाला डब्यात पाय मोकळे करता येतात आणि शौचालय असतं.
- रस्त्याने: मुक्ताईनगरवरून इंदूरकडे जाणाऱ्या महामार्गाने. इच्छापूरला मध्य प्रदेश सुरू होतो. अंतर कमी पडतं, पण बसमध्ये मुलाला मांडीवरच बसवावं लागतं.

तिकिटाचे नियम नीट लक्षात ठेवा. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, मात्र त्याच्यासाठी वेगळी सीट किंवा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. सीमेपलीकडच्या टप्प्याचं पूर्ण भाडं धरूनच हिशोब करा. मुलाचं वय दाखवायला निळं बाल आधार किंवा जन्मदाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

एक दिवस की दोन?

मोताळ्याहून पहाटे निघून रात्री परतणं शक्य आहे आणि मुक्कामाचे पैसे वाचतात, म्हणून बरेच जण तसंच ठरवतात. लहान मुलासोबत मात्र ही बचत महागात पडते. दुपारची झोप बुडाली की मूल चारच्या सुमारास किरकिर करायला लागतं. मग जवळच्या जागेलाही रिक्षा, शांत करायला वेफर्स आणि थंड पेय, आणि शेवटी बस सोडून खासगी गाडी. वाचवलेले पैसे असे तासाभरात जातात.

त्यापेक्षा एका साध्या लॉजवर एक रात्र राहा आणि दोन अर्धे दिवस फिरा. सकाळी एक मोठी जागा, दुपारी दोन-तीन तास खोलीवर झोप, संध्याकाळी एखादी मोकळी जागा. खोली घेताना तीन गोष्टी आधी विचारा: मुलाचे वेगळे पैसे लागतात का, गरम पाणी किती वाजता येतं आणि खोली सोडायची वेळ काय. चोवीस तासांचा हिशोब असेल तर दुसऱ्या दुपारीही मुलाला झोपवता येतं.

काय पाहावं?

*कुंडी भंडारा.* बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन जुन्या शहरापासून थोडं लांब, लालबाग भागात आहे आणि कुंडी भंडाराही त्याच बाजूला. गाडीने आलात तर हे आधी उरका, म्हणजे एक फेरी वाचते. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून नुसत्या उताराने शहरापर्यंत आणायची ही मोगल काळातली योजना आहे. ते १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात झालं. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण वाचले, तेच हे रहीम. बोगद्यावर ओळीने विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या आहेत. २०२४ मध्ये ही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

खाली उतरायला लिफ्ट आहे, सुमारे ८० फूट. लिफ्ट चालू आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. खाली अंधार, ओल आणि पायाखाली पाणी असतं, म्हणून मुलाला नेऊ नका. आईवडिलांनी पाळीपाळीने जावं, एकाने वर मुलाजवळ थांबावं. वर थांबणाऱ्याने मुलाचा हात सोडू नये, कारण आजूबाजूला कुंड्यांची तोंडं आहेत.

*शाही किल्ला.* तापीच्या काठावरच्या या महालात मोठ्यांना २५ रुपये तिकीट आहे, १५ वर्षांखाली मोफत. इथला हमाम आवर्जून पाहा. छतावरची रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे आणि मुलंही मान वर करून बघत राहतात. शाहजहानची बेगम मुमताज चौदाव्या बाळंतपणात १६३१ च्या जूनमध्ये याच शहरात वारली. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात दफन केलं होतं. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला आणि तिथे ताजमहाल उभा राहिला. किल्ल्यात नदीच्या बाजूला खोल उतार आहे. तिथे मूल कडेवरच घ्या.

*जामा मशीद.* गांधी चौकातल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, हे तिचं वेगळेपण. प्रशस्त अंगणात मुलाला चालता येतं. नमाजाची वेळ आणि शुक्रवारची दुपार टाळा.

*राजाची छत्री.* मिर्झाराजे जयसिंगांचं हे स्मारक शहराबाहेर मोहना आणि तापीच्या संगमाजवळ आहे. संध्याकाळच्या फेरीला चांगलं.

असीरगड मात्र या वेळी सोडा. किल्ला उत्तम आहे, पण वेगळा प्रवास, उन्हातली चढण आणि कडेवर दहा-बारा किलोचं मूल हे जमत नाही. इच्छापूरचं देवीचं मंदिरही पायऱ्यांचं आहे, ते सोबत आजी-आजोबा असतील तेव्हा दुसऱ्या फेरीला ठेवा.

खाणं, पाणी आणि सामान

मुलाचं मुख्य जेवण शक्यतो घरचंच न्या: नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या तांदूळ-मुगाची भरड, मेतकूट. थर्मासमध्ये गरम पाणी असलं की पाच मिनिटांत पेज तयार होते. सकाळी पोहे कुठेही मिळतात, मुलासाठी बिनतिखट मागा. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते. त्यांच्या स्मरणातल्या बडी संगत गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून शांतपणे बसता येतं, लंगर असेल तर पंगतीतही. मावा जिलबी आणि दराबा या इथल्या प्रसिद्ध मिठाया. मुलाला चवीपुरता तुकडा पुरे.

बाबागाडी घरीच ठेवा. जुन्या पेठांतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि स्मारकांना उंबरे-पायऱ्या आहेत. त्याऐवजी कापडी झोळी किंवा कॅरिअर घ्या. एक जुनं सुती लुगडं बरोबर असू द्या. अंथरायला, सावलीला आणि गाडीत पांघरायला तेच चालतं. ओआरएसची पाकिटं, तापाचं नेहमीचं औषध, टोपी आणि डायपर घरूनच न्या. आयत्या वेळी दुकान शोधण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा लहान मुलाला नेऊच नका. प्रवासात मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली किंवा तोंड कोरडं पडलं तर फिरणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

खर्च कुठे धरावा?

मुलाचं भाडं आणि प्रवेश जवळपास शून्य. दोन मोठ्यांचं रेल्वे-एसटी भाडं, एक रात्र, रिक्षा आणि जेवण एवढाच मुख्य खर्च. रिक्षा प्रत्येक जागेसाठी वेगळी न करता अर्ध्या दिवसाची ठरवा, आणि जागांची नावं व थांबायचा वेळ आधीच बोलून घ्या. या सगळ्यावर थोडी रक्कम वेगळी ठेवा, ती फक्त मूल आजारी पडलं तर गाडी करून मलकापूरला परतण्यासाठी. ती जवळ असली की दोन जागा राहून गेल्या तरी जीव खालीवर होत नाही. राहिलेल्या जागांसाठी बुऱ्हाणपूर काही लांब नाही, आणि मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याचं तिकीट फुकटच आहे.