तुकड्यात न सापडलेली गाठ

वाकडला राहून हिंजवडीत दिवसभर कॉलवर बोलणाऱ्याचा, किंवा चाकणच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटावर ओरडणाऱ्याचा आवाज बसला, तर कारण शोधावे लागत नाही. गुळण्या, ज्येष्ठमध, दोन दिवस मौन. बहुतेकांना एवढे पुरतेही. मात्र तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातही हा विभाग आहे.

स्वरयंत्राचे ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतात. तंबाखू आणि दारू ही त्यांची मुख्य कारणे. ते दुर्बिणीत दिसतात आणि तुकडा तपासला की बहुधा निदान होते. पंचाईत होते ती अस्तराखालून वाढणाऱ्या दुर्मीळ गाठींची. कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेचा कर्करोग बहुधा क्रिकॉइड या अंगठीसारख्या कूर्चेतून वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. वरचे अस्तर गुळगुळीतच दिसते. रुग्णाला धाप लागते आणि कधी कधी दम्याचे उपचार सुरू होतात. वरवरचा तुकडा घेतला तर अहवाल ‘सामान्य’ येतो. सीटी स्कॅनमध्ये मात्र कूर्चेतली गाठ आणि तिच्यातले कॅल्शियमचे ठिपके दिसतात. पॅरागँग्लिओमा ही गाठ तर रक्तवाहिन्यांनी भरलेली. तिचा तुकडा घेताना जोराचा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अस्तराखाली फुगवटा दिसला की स्कॅन आधी.

‘कर्करोग आढळला नाही’ याचा अर्थ त्या तुकड्यात आढळला नाही, एवढाच. १८८७मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रातले तुकडे खुद्द विरखो यांनी तपासले. त्यांत कर्करोग दिसला नाही. पुढच्या वर्षी फ्रेडरिक सम्राट झाले आणि ९९ दिवसांत त्याच आजाराने गेले.

गाठीचे नेमके नाव कळण्यावर स्वरयंत्र राहणार की जाणार, हेही ठरते. सौम्य प्रतीच्या कॉन्ड्रोसार्कोमात अनेकदा गाठीपुरती शस्त्रक्रिया करून आवाज वाचवता येतो. लिम्फोमा असेल तर औषधे आणि किरणोपचार. तिथे स्वरयंत्र काढण्याची सहसा गरजच नसते. उलट ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही बहुधा निरुपद्रवी गाठ, पण तिच्यावरचे जाडावलेले अस्तर वरवरच्या तुकड्यात कर्करोगासारखे दिसू शकते.

त्यामुळे अहवालात अनोळखी नाव आले, किंवा अहवाल आणि त्रास यांचा मेळ बसेना, तर मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे. नुसता कागद नेऊन भागत नाही. काचपट्ट्या, मेणातले ब्लॉक आणि स्कॅनची सीडी पॅथॉलॉजी लॅबकडून व रुग्णालयाकडून मागून घ्यावी. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरच्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या जातात. आणि श्वास घेताना घरघर आवाज येऊ लागला असेल, तर यातले काहीही जमवत न बसता थेट तातडीच्या विभागात जावे.