तुकडा काढायला भिऊ नका

"सुई लावू नका बाई, गाठ चिघळते!" आमच्या फुलसावंगीकडे गावोगावी हे वाक्य ऐकू येतं. या भीतीपायी कित्येक जणी तपासणी महिनोन् महिने पुढे ढकलतात. म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टर तो तुकडा कशासाठी मागतात, ते आज समजून घेऊ या.

कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. आपल्या पेशीतली जनुकं एकमेकांना निरोप देत असतात. आता वाढ, आता थांब, बिघडली असशील तर मरून जा. निरोपाची ही वाट कुठं तुटली की पेशी बेसुमार वाढते. शेतात घुसलेलं पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, पण पाट कुठं फुटला ते शोधावंच लागतं ना? तसंच हे.

आपल्या विदर्भात खर्रा तर गल्लोगल्ली. काही बायाही खातात. अशा तंबाखूने होणाऱ्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास खारघरची टाटा मेमोरियलची ॲक्ट्रेक संस्था आणि बंगालमधली कल्याणीची जनुक-संशोधन संस्था यांनी केला. ५० रुग्णांच्या गाठींतली जनुकं तपासली, आणखी ६० जणांमध्ये ती पडताळली. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. एकाच जागच्या या गाठींचे आतून वेगवेगळे गट निघाले! एका गटात 'कॅस्प-एट' हे जनुक बिघडलेलं होतं, म्हणजे खराब पेशीला मरणाचा निरोप पोचवणारंच. काही गटांतले रुग्ण इतरांपेक्षा जास्त काळ आजारमुक्त राहिले.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर अशी विभागणी रोजच्या उपचारात आली आहे. रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू अशी अक्षरं असतात. पहिली दोन 'पॉझिटिव्ह' असली तर गाठीला स्त्री-संप्रेरकांचं बळ मिळतंय असं समजायचं. मग टॅमॉक्सिफेनसारखी गोळी कामाला येते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन. तिन्ही निगेटिव्ह असतील तर या दोन्हींचा उपयोग नसतो, मुख्य भर केमोवर. म्हणून शेजारणीला लागू पडलेलं औषध आपल्याला पडेलच असं नाही.

ही सगळी माहिती त्या इवल्याशा तुकड्यातूनच मिळते. तो काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. पसरतो तो आपण केलेल्या उशिरामुळे.

तेव्हा तोंडातला छाला तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड उघडेनासं झालं किंवा स्तनात गाठ लागली, तर घरातल्यांची वाट न बघता दवाखाना गाठा. रिपोर्टासोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. नागपूर-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ते हमखास मागतात. आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, "माझी गाठ कुठल्या गटातली?" हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.