घोड्याचा सौदा आणि साक्षीदार

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका बदूकडून घोडा विकत घेतला आणि पैसे देण्यासाठी त्याला सोबत घेऊन ते निघाले. सौदा झाला आहे हे ठाऊक नसल्याने वाटेत लोक जास्त भाव सांगू लागले. बदू फिरला. घोडा विकलाच नाही, साक्षीदार आणा, म्हणाला. तेव्हा हजरत खुजैमा बिन साबित (रजि.) यांनी साक्ष दिली आणि त्यांची एकट्याची साक्ष दोघांच्या बरोबरीची ठरली.

पुण्या-मुंबईत थरोब्रेड घ्यायला निघालेल्या आपल्या तरुणांना आम्ही हीच हदीस सांगतो. रेसमध्ये मागे पडलेला घोडा मालक ठेवत नाही. चार-पाच वर्षांचा झाला की तो खासगीत, बहुधा तोंडी बोलीवर विकला जातो. रेसवर पैसे लावणे हराम, यात वाद नाही. पण त्यात घोड्याचा काय दोष? या जातीतल्या बहुतेकांची नरवंशावळ तर १७०४ मध्ये हलब शहरात विकत घेतलेल्या एका अरबी घोड्यापर्यंत जाते.

खरी गोम पायांत असते. लहान वयात भरधाव पळवल्याने पुढच्या पायाची मागची शीर दुखावते. बरी झाली तरी तिथे जाडसरपणा राहतो. दोन्ही पाय हाताने चाचपून पाहावेत; एक गरम किंवा फुगीर लागला तर थांबावे. कठीण जमिनीवर दुडकी चालवून बघावे. लंगडत्या पुढच्या पायावर भार येताच घोडा मान वर उचलतो. मात्र वेदनाशामक दिले असेल तर हे काहीच दिसत नाही. म्हणून जनावरांचा डॉक्टर आपण आणावा, विकणाऱ्याचा नको. रक्त तपासून घ्यावे, ग्लँडर्ससाठीसुद्धा. तो रोग माणसालाही होतो. पासपोर्टवरच्या खुणा आणि मानेतल्या मायक्रोचिपचा नंबर जुळतो का, हेही पाहावे.

एवढे विचारले की विकणारा म्हणतो, “आहे तसा घ्या, नंतर तक्रार नको.” इथे आपल्या घरांत फरक पडतो. हनफी मजहबात अशी अट मान्य आहे. शाफई मजहबात, म्हणजे आपल्या कोकणी मंडळींसाठी, जनावराच्या बाबतीत ती फक्त विकणाऱ्यालाही माहीत नसलेल्या आतल्या ऐबापुरती चालते. ठाऊक असलेला ऐब लपवणे मात्र दोन्हीकडे गुनाहच. घोडा विकणारे आपल्यातही आहेत, त्यांनीही हे वाचावे. पोराला पाठीवर बसवल्यावर घोडा अडखळला, तर नुकसान पैशांवर भागत नाही.

दोन्ही मजहबांत तीन दिवसांपर्यंत सौदा मोडण्याची मुभा ठरवून घेता येते. तिला खियार-ए-शर्त म्हणतात. आधी ठरवली तरच ती मिळते. किंमत, चिपचा नंबर, सांगितलेले ऐब आणि ही मुदत कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मुदतीत घोडा कोणाच्या तबेल्यात राहील आणि चारा कोण घालील, तेही लिहावे. भांडण बहुतेकदा त्यावरूनच होते.

विकणारा तीन दिवस द्यायला तयार नसेल, तर पैसे देण्याआधी एकदा न कळवता सकाळी लवकर जावे आणि तबेल्यातून बाहेर पडतानाची घोड्याची पहिली दहा पावले पाहावीत.