जीसीसीमधील कोडलेखनाचे संकेत आणि योगदानाचे नियम

जीएनयू कंपायलर कलेक्शन अर्थात जीसीसी हा मुक्तस्रोत कंपायलर असून त्याची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तो अनेक वर्षे मुख्यतः सी भाषेत लिहिला जात होता. २०१३ मधील ४.८ या आवृत्तीपासून तो बांधण्यासाठी सी++ कंपायलर लागतो. परस्परांना कधीही न भेटलेल्या व्यक्ती या प्रकल्पासाठी कोड लिहितात आणि लिहिणारा प्रकल्प सोडून गेल्यावरही तो कोड इतरांना वाचावा व दुरुस्त करावा लागतो. त्यामुळे कोड कसा लिहावा आणि तो मूळ प्रकल्पात कसा दाखल व्हावा, याविषयी लेखी नियम आहेत. मुंबई उपनगरातील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या कंपायलरच्या अध्ययनासाठी केंद्र उभारण्यात आले होते.

लेखनशैली

जीसीसी जीएनयू प्रकल्पाची लेखनमानके पाळतो. प्रत्येक पातळीला दोन जागांचा समास सोडला जातो आणि ओळ ८० अक्षरांच्या आत ठेवली जाते. फंक्शनचे नाव व कंसापूर्वी एक जागा मोकळी असते. फंक्शनच्या व्याख्येत परतमूल्याचा प्रकार आधीच्या ओळीवर आणि नाव पुढील ओळीच्या अगदी आरंभी येते. यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा सोय अधिक आहे. ओळीच्या आरंभी ते नाव शोधले की व्याख्या सापडते. त्याचा केवळ वापर झालेल्या जागा वगळल्या जातात. लिनक्स कर्नलची शैली याहून वेगळी असून तेथे समास आठ जागांचा असतो. कोणती शैली श्रेष्ठ यापेक्षा एका प्रकल्पात एकच शैली असणे महत्त्वाचे मानले जाते.

टिप्पण्या आणि भाषा

प्रत्येक फंक्शनपूर्वी ते काय करते, त्याला कोणती मूल्ये दिली जातात आणि ते काय परत करते, हे पूर्ण वाक्यांत लिहिणे अपेक्षित असते. टिप्पण्या इंग्रजीत असाव्यात, असे जीएनयू मानके सांगतात. बहुतेक सर्व देशांतील प्रोग्रामर ती भाषा वाचू शकतात, हे त्याचे दिलेले कारण आहे. ज्यांना इंग्रजी नीट लिहिता येत नाही, त्यांनी जमेल तसे लिहून इतरांकडून सुधारून घ्यावे, असाही सल्ला त्यात आहे.

वापरकर्त्याला दिसणारे संदेश मात्र अनुवादयोग्य असावे लागतात. म्हणून वाक्याचे तुकडे जोडून संदेश तयार करणे टाळले जाते. मराठीवरून हे सहज कळते: ‘फाइल सापडली’, ‘फाइली सापडल्या’ आणि ‘शब्द सापडला’ यांत लिंग व वचनानुसार क्रियापद बदलते. केवळ नाम बदलून असे वाक्य बनवता येत नाही.

बदल दाखल करण्याची प्रक्रिया

वेगवेगळ्या कारणांनी केलेले बदल एकत्र न पाठवता स्वतंत्रपणे पाठवावे लागतात. मांडणीतील दुरुस्ती आणि वर्तनातील बदल एकत्र असल्यास तपासणाऱ्याच्या नजरेतून चूक निसटू शकते. बदलासोबत त्याचे कारण व चाचणीची माहिती देणे आवश्यक असते.

चाचणीचा एक भाग जीसीसी स्वतःवरच चालवतो. उपलब्ध कंपायलरने जीसीसी बांधला जातो, त्याने पुन्हा जीसीसी बांधला जातो आणि या दुसऱ्याने तिसरा. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील फलित जुळले नाही, तर बांधणी अयशस्वी ठरते. त्यानंतर चाचणीसंचातील पूर्वी यशस्वी होणारी एखादी चाचणी आता फसते का, हे पाहिले जाते. संबंधित भागाच्या देखभालकर्त्याने संमती दिल्यावर बदल स्वीकारला जातो. सुमारे दोन आठवडे उत्तर न आल्यास स्मरण करून देणे शिष्टसंमत आहे. आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या अखेरच्या टप्प्यात प्रामुख्याने नव्याने उद्भवलेल्या दोषांच्या व दस्तऐवजांच्या दुरुस्त्याच घेतल्या जातात. नव्या सुविधेला पुढील विकासचक्राची वाट पाहावी लागते.

स्वामित्वहक्क

दीर्घकाळपर्यंत लक्षणीय योगदानाचे स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवणे बंधनकारक होते. साधारण १५ ओळींहून लहान बदलांना त्यातून सूट होती. नोकरदाराचा किंवा शिक्षणसंस्थेचा त्या कोडवर दावा असू शकत असल्यास त्यांचेही संमतिपत्र लागे. म्हणजे कोड निर्दोष असूनही कागदपत्रांअभावी तो अडकून राहू शकत असे. जून २०२१ मध्ये ही अट शिथिल झाली. आता हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे योगदानकर्त्याने स्वाक्षरीच्या ओळीने प्रमाणित करण्याचा पर्याय उपलब्ध आहे.

पवई येथील कार्य

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर सुरू झाले. जीसीसीची अंतर्गत रचना आणि नव्या प्रोसेसरसाठी यंत्रवर्णन टप्प्याटप्प्याने कसे लिहावे, यांवर केंद्राने कार्यशाळा घेतल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या डेटाप्रवाह विश्लेषणावरील २००९ च्या ग्रंथात ‘जीडीएफए’ या विश्लेषकाचे वर्णन असून तो जीसीसी ४.३.० वर आधारलेला आहे.

विशिष्ट आवृत्तीवर आधारलेल्या अशा कामातून नियमांचे व्यावहारिक महत्त्व कळते. मूळ कोड सतत बदलत असल्याने बाहेर राहिलेली भर प्रत्येक नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. मुख्य प्रकल्पात स्वीकारलेल्या कोडची ही जबाबदारी मात्र सर्व देखभालकर्त्यांमध्ये विभागली जाते. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड त्याच्या अभ्यासक्रमानंतरही वापरात राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते.