अलॉय व्हील लावताय? आधी नटाचे फेरे मोजा!

नवी गाडी घेतली की सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि त्यानंतर नंबर लागतो अलॉय व्हीलचा. वसई-विरारमध्ये एमएच-४८ पासिंगच्या कितीतरी गाड्यांना बाहेरून बसवलेले अलॉय दिसतात. दुकानात आपण डिझाईन बघतो, साईज बघतो, किमतीवर घासाघीस करतो. पण ते चाक गाडीला धरून ठेवणारे चार-पाच स्टड पुरेसे लांब आहेत का, हे क्वचितच कोणी विचारतं.

स्टड नेमकं काय करतो?

चाक ज्या भागावर बसतं त्याला हब म्हणतात. हबमधून बाहेर आलेले, आटे पाडलेले दांडे म्हणजे स्टड. त्यावर चाक चढवून नट आवळतात. फोक्सवॅगन, स्कोडाच्या गाड्यांत मात्र स्टड नसतो, बोल्ट थेट हबमध्ये जातो.

अनेकांना वाटतं, गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाक हबवर घट्ट दाबलं जातं. वजन, ब्रेक आणि वळणाचा जोर पेलतं ते या दोघांमधलं घर्षण. दाब कमी पडला तर चाक हबवर सरकू लागतं, स्टड पुन्हा पुन्हा वाकतो आणि शेवटी तुटतो.

लांब स्टड कधी लागतो?

लोखंडी रिमचा मधला भाग काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असतो. अलॉयचा तोच भाग बराच जाड असतो. त्यात स्पेसर टाकला तर जाडी आणखी वाढते. स्टड तेवढाच राहतो, नटाच्या वाट्याला कमी आटे येतात.

साधा नियम असा: स्टड जितका जाड, किमान तितक्या लांबीचे आटे नटात बसले पाहिजेत. १२ मिमी स्टडवर आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असेल (मारुती सुझुकीत साधारणपणे असतं) तर जवळपास १० फेरे. १.५ मिमी असेल (ह्युंदाईत असतं तसं) तर ८ फेरे. नट हाताने फिरवा आणि चाकाला टेकेपर्यंत मोजा. चार-पाच फेऱ्यांतच टेकला, तर ती गाडी तशीच रस्त्यावर काढू नका.

मग भरपूर लांब टाकला तर?

तेही चुकीचं. टोक बंद असलेल्या नटात लांब स्टड आतल्या टोकाला जाऊन आदळतो. पाना सांगतो ‘घट्ट झालं’, पण चाक मात्र सैलच. बोल्टवाल्या गाडीत जास्त लांब बोल्ट मागे ब्रेकच्या भागांना घासू शकतो.

लेथवर करून घ्यावा का?

वालीव, गोखिवरे, सातिवली भागात इंजिनिअरिंगचे गाळे भरपूर. नमुना दिला की स्टडसारखा दिसणारा तुकडा सहज होईल. पण चाकाचे चांगले स्टड-बोल्ट १०.९ ग्रेडचे असतात, म्हणजे दर चौरस मिमीला साधारण १,००० न्यूटनचा ताण सोसणारे. साध्या माईल्ड स्टीलची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय चांगल्या स्टडवर उष्णता प्रक्रिया केलेली असते आणि आटे कापून नव्हे, दाबून पाडलेले असतात. म्हणून तयार, ग्रेडचाच स्टड घ्या. जुन्याला वेल्डिंग करून लांबी वाढवणं तर अजिबात नको.

स्टेपनी विसरू नका

डिकीतली स्टेपनी बहुतेक वेळा लोखंडी असते. नायगाव ते खानिवडे टोलनाका या पट्ट्यात रात्री पंक्चर झालं आणि लांब स्टडवर बंद नट स्टेपनीला आवळलाच नाही, तर अडकलात. म्हणून दुकानातच स्टेपनी एकदा लावून बघा. बोल्टवाल्या गाडीत कंपनीचे मूळ बोल्ट डिकीत ठेवा.

दुकानातून निघण्यापूर्वी

• नटाची बैठक चाकाशी जुळते का बघा. निमुळता नट गोल बैठकीत नीट बसत नाही.
• खाऱ्या हवेने हबवर गंज चढला असेल तर घासून साफ करून घ्या, नाहीतर चाक सपाट टेकणार नाही.
• नवा स्टड प्रेसने बसवणं उत्तम. हवेच्या गनने नट आवळून खेचला तर नवे आटेच ताणले जातात.
• शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. लहान गाड्यांत साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.
• ५० ते १०० किमीनंतर सगळे नट पुन्हा तपासा.
• बाहेरून लावलेल्या अलॉयची माहिती विमा कंपनीला द्या.

अलॉय महाग असतात, स्टड त्यामानाने स्वस्त. पण हायवेवर ८० च्या वेगात चाक जागेवर ठेवण्याचं काम स्टडचं आहे. आजच पाना घ्या आणि फेरे मोजा!