डायल-अप सर्व्हरचे बदलते मार्ग

फोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्या ग्राहकाचा कॉल सेवादात्याकडे ज्या यंत्रावर लागतो, त्याला ॲक्सेस सर्व्हर म्हणतात. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सुरू केलेली सार्वजनिक सेवा याच पद्धतीची होती. एका ई-१ लाइनवर ३० कॉल येतात; लिव्हिंग्स्टन कंपनीचा पोर्टमास्टर-३ अशा दोन लाइनी, म्हणजे ६० कॉल घेई.

नेहमीच्या ग्राहकाला सर्व्हर स्वतःच्या साठ्यातला पत्ता तात्पुरता देतो. तो साठा जागचा हलत नसल्याने राउटरवर हाताने लिहिलेला मार्गही चालून जातो. खरी अडचण कायमचा पत्ता घेतलेल्या कार्यालयांची. त्यांचा कॉल आज एका सर्व्हरवर लागतो, उद्या दुसऱ्यावर. ग्राहकांची खाती तपासणारा रेडियस सर्व्हर मात्र पत्ता तोच देतो. मार्ग कॉलमागोमाग हलायचा, तर ॲक्सेस सर्व्हर आणि राउटर यांच्यात रिप किंवा ओएसपीएफ हा एकमेकांना मार्ग कळवणारा प्रोटोकॉल चालवावा लागतो. रिपची पहिली आवृत्ती सबनेट मास्क पाठवत नाही, त्यामुळे लहान तुकड्यांत वाटलेल्या पत्त्यांसाठी ती निरुपयोगी ठरते.

ओएसपीएफ जास्त भरवशाचे, पण तिथे एक चूक फार महागात पडते. प्रत्येक कॉलचा सुटा मार्ग जाहीर केला, की कुणी फोन ठेवला तरी ती बातमी नेटवर्कभर पसरते आणि राउटर त्यातच गुंतून राहतात. म्हणून ६४ पत्त्यांचा साठा /२६ असा एकच मार्ग म्हणून जाहीर करावा. सुटे मार्ग फक्त कायम पत्तेवाल्यांचे. सोबत सर्व्हरवर त्याच /२६चा ‘नल’ मार्ग, म्हणजे पॅकेट टाकून देणारा मार्ग, हवाच. तो नसेल, तर फोन ठेवलेल्या ग्राहकाचे पॅकेट सर्व्हर डिफॉल्ट मार्गाने राउटरकडे परत पाठवतो, राउटर ते पुन्हा सर्व्हरकडे ढकलतो आणि पॅकेटचा टीटीएल (टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत ही ये-जा चालू राहते.

साध्या ग्राहकांच्या लाइनीवर मार्ग कळवणारा प्रोटोकॉल बंदच ठेवावा. रिपचे संदेश दर ३० सेकंदांनी जातात. सर्व्हर त्यांनाही वापर समजत असेल, तर रिकामी लाइन आपोआप तुटत नाही आणि ग्राहकाचे फोनबिल वाढत राहते. शिवाय पलीकडून कुणी खोटा मार्ग घुसवू शकतो.

मांडणी झाल्यावर कायम पत्त्याच्या एका खात्यावरून दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर कॉल लावून पाहावा. दुसऱ्या कॉलनंतर मुख्य राउटरच्या टेबलात जुना मार्ग दिसत असेल, तर काम अपुरे आहे.